रायर पुस्तक पाठवायचे

रायर कुणालाही 'काय झालं?' असं विचारत नसत. कुंभकोणमला आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते मदतनीस होते. तंजावरी मराठी घरातले. अशा मंडळींना तिकडे रायर म्हणतात. सांगलीहून गेलेल्या मला त्यांचं मराठी ऐकून घरचं कुणी भेटल्यासारखं झालं, पण ते मराठी माझ्या पणजीच्याही आधीचं होतं.

दुसऱ्या वर्षी मी चार विषयांत नापास झाले. घरी 'सगळं छान' सांगायचे, तास बुडवायचे आणि ग्रंथालयात एकच पान उघडून बसायचे. सगळं सोडून परत जावं, असं रोज वाटे. अशी गत माझी एकटीचीच, याची मला खात्री होती. समुपदेशक मॅडमची खोली कॅन्टीनसमोर होती. त्या दारात शिरताना अख्ख्या कॉलेजनं पाहिलं असतं. मेले असते, पण गेले नसते.

आठवडाभर हे बघून रायरांनी माझ्यापुढे भाताच्या रोगांवरचा एक जाडजूड ग्रंथ आपटला. इंजिनियरिंगच्या ग्रंथालयात तो कसा आला, देव जाणे. "हें मॅडमास देऊन ये. माझे गुडघे दुखतात."

मी तो मॅडमच्या दाराबाहेरच्या शिपायाकडे सोपवून परत आले. रायर वैतागले. "शिपायास भात लावायचा आहे काय? मॅडमच्या हातीं दे. पावती लिहून होईस्तवर बस."

पुन्हा गेले. मॅडमनी दार लावलं आणि पावती लिहायला पाऊण तास लावला. तेवढ्यात मी सगळं सांगून, रडून मोकळी झाले. मग दर बुधवारी तो ग्रंथ नेणं-आणणं सुरू झालं. तिसऱ्या बुधवारी मॅडमसमोरच घरी फोन केला. बाबा चिडले, आई रडली, पण परत ये असं कुणी म्हणालं नाही. विषय एकेक करून सुटले.

आभार मानायला गेले तर रायर म्हणाले, "ओझें तूं नेलेंस. आभार माझे कां?" मला फार माया वाटली त्यांची.

ते निवृत्त होऊन आडुतुरैला राहायला गेले. शेवटचा निकाल लागल्यावर मी फोन केला. नाव सांगितलं, सांगली सांगितली. त्यांना काही आठवेना.

"पास झालीस ना? सेरि, बरें झालें. तुम्ही पुष्कळ जण, बाळ. कोण कोण लक्षांत ठेवूं?"

आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, ज्यांच्या नजरेला मी इतकी भीत होते, त्यांतल्याही कितीतरी जणांना रायरांनी त्याच दारात पाठवलं असणार.