पाठमोऱ्या माणसाची वाक्यं

परभाषेतले सिनेमे आपल्या भाषेत बोलते करणारा तो स्टुडिओ म्हणजे काचेनं मधोमध विभागलेली एक बुटकी खोली. भिंतींना स्पंज, दाराला जाड पडदा, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखाही बंद. तिथे संवाद लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे रफूकाका म्हणत. पन्नाशी उलटलेले, लग्न राहून गेलेले, बोलायला महाकंजूष. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जेवढे हलतात तेवढ्यात मावेल असं वाक्य द्यायचं, आणि ओठ मिटले की वाक्यही मिटवायचं, एवढंच त्यांचं काम. पण काकांना एक खोड होती. सिनेमाच्या गोष्टीत कुठे भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जित्याची खोड ती, कुठली जायला.

बुजवायची रीतही ठरलेली. माणूस पाठमोरा झाला की त्याचे ओठ दिसत नाहीत. मूळ सिनेमात तो गप्प का असेना, इथे त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. एखादं पात्र पाठमोरं सापडलं की काकांनी त्याला बोलतं केलंच म्हणून समजा. मालकांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. मूळ सिनेमापेक्षा तुमचाच नीट समजतो असं गिऱ्हाइकं म्हणत, मग कोण कशाला तक्रार करतो?

अशात एक सिनेमा आला. बर्फाळ जंगल, गोठलेली नदी, एक खून आणि तपासाला आलेला एकटा पोलीस. दिसायला देखणा, गोष्ट म्हणाल तर चाळणी. पोलीस नदीत पडतो, बाहेर येतो, आणि ओल्या खिशातली काडेपेटी काढून ऐटीत शेकोटी पेटवतो. रात्रभर बर्फ पडतं, तरी सकाळी खुन्याच्या पावलांचे ठसे जिथल्या तिथे. फोनला रेंज नाही म्हणून अर्धा सिनेमा रडायचं, आणि कड्यावर लोंबकळताना नेमका तोच फोन वाजायचा. पोलिसाबरोबर एक कुत्रा येतो, तो मध्यंतरानंतर कुठे गेला ते दिग्दर्शकालाही माहीत नसावं. खुनी तर शहाण्यांचा मुकुटमणी. एवढं अफाट जंगल पडलंय, आणि हा प्रेत लपवतो वनरक्षकाच्या चौकीमागे! ज्यानं कुणी हे लिहिलं, त्यानं जन्मात जंगल पाहिलं नसणार.

रफूकाका भलतेच खुशीत आले. शेकोटीवर वाकलेल्या पोलिसाच्या पाठीला त्यांनी वाक्य दिलं, की बरं झालं काडेपेटी मेणकापडात गुंडाळली होती. ठसे बघताना तो पाठमोरा होता, तिथे खुनी पहाटे पुन्हा इकडून गेला असं त्याच्याकडून वदवून घेतलं. कुत्र्याचा पाय मुरगळला म्हणून त्याला गावात ठेवून टाकलं. मुक्या जनावराची तेवढी तरी सोय झाली.

लिहिलेलं सगळं ते आधी आईला वाचून दाखवत. आईची नजर पार गेली होती, कान मात्र भलते तिखट. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिची खुर्ची. संध्याकाळी काका आले, की चपला काढायच्या, चहा टाकायचा आणि वाचायला बसायचं. पण त्याआधी आईचा एक प्रश्न ठरलेला. थोरल्याचा फोन आला होता का?

थोरला म्हणजे काकांचा मोठा भाऊ. लांबच्या देशात गेला, तिथलाच झाला. त्याचे फोन आधी कमी झाले, मग बंद पडले. काकांनी लावला तर उचलत नसे. एकदा चुकून उचलला आणि म्हणाला, माझे मला व्याप थोडे आहेत का, आईचं तू बघतोयस ना, मग मला कशाला मध्ये ओढतोस. हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? दुरून डोंगर साजरे, त्यात तिला डोळे नाहीत, म्हणजे हा डोंगर तर साजराच साजरा.

मग काकांनी घरातही सुईदोरा काढला. फोन दुपारी स्टुडिओत येतो, कारण थोरल्याला सवड मिळते तेव्हा तू झोपलेली असतेस. थोरल्याला बढती मिळाली. थोरल्याच्या मुलीचा पहिला दात पडला. थोरल्याची पाठ धरली होती, आता बरी आहे, आणि आई वेळेवर गोळ्या घेते ना म्हणून तो विचारत होता. कुठे शंका निघेल, ती कशी बुजवायची, याचा काका घरी येईतो वाटेत विचार करत. झाकली मूठ उघडली तर म्हातारी हाय खाईल, या एकाच धास्तीनं त्यांना पोखरलं होतं. आई ऐकायची, हं म्हणायची, कधी एखादा प्रश्न टाकायची. काकांकडे उत्तर तयार असायचं.

त्या रविवारी दुपारी ते सिनेमाचा शेवट वाचत होते. मेला म्हणून सगळ्यांनी ज्याची आशा सोडली तो पोलिसाचा भाऊ जंगलातल्या एका झोपडीत जिवंत सापडतो. सबंध हिवाळा तिथेच होता. तिकडे गावात त्याची आई रडून रडून अर्धी झाली, आणि याच्याकडे चांगला निरोप धाडायचा रेडिओ होता! भाऊ खिडकीतून बाहेर बघत पाठमोरा उभा राहतो, तिथे काकांनी रेडिओची बॅटरी संपल्याचं वाक्य घातलं होतं.

"मग चालत का नाही आला?" आईनं विचारलं. "पोलीस तर चालतच गेला ना तिथे?"

काका म्हणाले, पाय मोडला होता असं करतो. आई म्हणाली, आता तर खिडकीपाशी दोन पायांवर उभा आहे. काका म्हणाले, मग बर्फानं वाट बंद झाली होती असं लिहू. आईनं चाचपत कप खाली ठेवला.

"नको रे. किती शिवशील? त्याला यायचंच नव्हतं, एवढंच आहे ते."

सिनेमात असं चालत नाही, लोक कारण विचारतात, असं काही तरी काका पुटपुटले.

"विचारू देत," आई म्हणाली. "थोरल्याचे फोनही तूच लिहितोस, ते ठाऊक आहे मला."

काकांनी इतकी वर्षं जिवापाड जपलेलं, आणि तिनं ते कपबशी सारावी तसं बाजूला सारलं. ती मोडून पडेल म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरा होता तसाच होता.

"त्याला मी जन्म दिलाय," ती म्हणाली. "धड एक गोष्ट कधी सरळ सांगता आली नाही त्याला. तुझ्या फोनमध्ये मी काहीही विचारलं तरी उत्तर हजर. आणि म्हणे आई गोळ्या घेते का! हे त्याच्या तोंडचं नाही. हे तुझ्या तोंडचं आहे."

"मग रोज विचारायचीस कशाला?"

"तू येतोस, चहा टाकतोस, दुसऱ्यांची वाक्यं वाचतोस आणि आतल्या खोलीत जातोस. फोनचं विचारलं की तेवढा वेळ खुर्ची ओढून जवळ बसायचास, मनानं बोलायचास. थोरल्याचं का असेना. मला तुझं बोलणं हवं होतं."

रफूकाकांना रडू फुटलं. आईला दिसत नाही ना म्हणून त्यांनी डोळे तसेच वाहू दिले. आई म्हणाली, नाक पूस आधी.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे भावाचा आवाज देणारा नट कानांवर हेडफोन चढवून थांबला. त्याला वाटलं, काका एक वाक्य लिहायचं विसरले. इथे हा पाठमोरा आहे, मग बोलत कसा नाही? काका म्हणाले, राहू दे गप्प. मालकांनी काचेतून वळून बघितलं, लोक विचारतील म्हणाले. काकांनी मान डोलावली, पण वाक्य काही दिलं नाही. पंखा बंद झाला आणि पडद्यावरचा भाऊ मुकाट्यानं बर्फाकडे बघत राहिला.

संध्याकाळी काकांनी चहा टाकला, खुर्ची ओढली आणि आईसमोर बसले. आज आईनं थोरल्याचं नाव काढलं नाही. ती नुसती त्यांच्या दिशेला मान करून थांबली. काकांनी जन्मभर लोकांच्या तोंडी शब्द घातले, आणि स्वतःचं म्हणून सांगायला एक ओळ सापडेना. चहा निवत चालला. अखेर जे पहिलं तोंडाशी आलं ते बोलून मोकळे झाले.

"गुडघा दुखतोय माझा. जिना चढवत नाही हल्ली. कुणाला बोललो नाही."

"कुठला?" आई म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.