गाडी जाईपर्यंत थांबणारं घर

दादाने घर स्वतःच्या हाताने नवं केलं होतं, आणि हे तो वाटेने जाणाऱ्यालाही थांबवून सांगायचा. जन्म गेला रेल्वेत गँगमन म्हणून रूळ ठोकण्यात, पण फरशी अशी बसवली की गोटी ठेवली तर जागची हलणार नाही. आता तेच घर विकायचं होतं. बायकोच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून धाकट्या भावाने आपल्या शेजारची तळमजल्यावरची जागा बघून ठेवली होती.

पण गिऱ्हाईक टिकेल तर शपथ! एकाने भिंतीवर टकटक केलं, दादाने त्याला फाटक दाखवलं. दुसऱ्याने रंगाला नाक मुरडलं, त्याला तर पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आज तोंडाला कुलूप लावा," बायकोने बजावलं. "हेही पळवलेत, तर मी एकटी जाऊन राहीन भावजींच्या शेजारी."

आलं ते जोडपं तरुण होतं. बाई कडेवर पोर घेऊन गप्प. नवरा मात्र चौकस. "रूळ एवढे जवळ? पोराची झोप मोडायची."

"हॅ!" कुलूप पहिल्याच फटक्यात तुटलं. "दुहेरी काच आहे साहेब. मी बसवलीय, मी! इंजीन दारातून गेलं तरी कानाला पत्ता ला—"

आणि दादा थांबला. हात हवेत. बायकोने कपांवर तळवा धरला. मदतीला आलेला धाकटा भाऊ तोंड उघडं ठेवून तसाच. आवाज कशाचाच नव्हता, पण फरशीची बारीक थरथर तळपायांना कळली होती. या घरात गाडी आली की बोलणं थांबायचं, गेली की तिथूनच पुढे. ज्याचं वाक्य त्यानेच पुरं करायचं. दोघा भावांची निम्मी भांडणं अशी मधेच थांबून विझलेली.

"—गत नाही," दादाने पुरं केलं.

नवरा बघतच राहिला. "बरं वाटत नाहीये का?"

"कुणाला?" दादाला खरंच कळलं नाही.

"गेलं हेही," धाकट्याने कपाळाला हात लावला.

पण दादाची नजर बाईवर गेली. तिचा तळवा पोराच्या कानावर होता, अजून.

"मालगाडी होती," दादाने मुद्दाम खडा टाकला.

"छे हो काका! मालगाडी इतक्यात सोडते होय पायांना?" ती हसली. "फाटकावरच्या खोलीत वाढलेय मी. बाबा गेटमन."

दादा काहीच बोलला नाही. बायकोला वाटलं, दुसरी गाडी आली की काय! मग त्याने खुंटीवरचा चाव्यांचा जुडगा काढून गेटमनच्या पोरीच्या हातात ठेवला.

"स्वयंपाकघराची खिडकी जरा उचलून लावायची. आणि फरशी कुणी बसवली हे येणाऱ्या-जाणाऱ्याला..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. गाडी नव्हती. तरी सगळे थांबले.

"...सांगायचं," दादा म्हणाला.