शेवटच्या ओळीची घाई

संगणकाच्या खोलीत सातवीची मुलं आकडे आणि सूचना टाकून स्वतःच्या चाली बांधत होती. मी संगीताची शिक्षिका, नुसती मागे उभी होते. सानिकाने बटण दाबलं. तिची चाल गोड होती, कुठेही न ऐकलेली. पण शेवटच्या ओळीवर आली आणि धावत सुटली.

"लय का वाढवलीस गं?" मी विचारलं.

"शेवट आला की वाढवायची ना, बाई? प्रार्थनेत तुम्ही पेटीवर रोज वाढवता."

वाढवते खरी. पहिल्या तासाची घंटा होईल, या धास्तीने. इतकी वर्षं मी सूर शिकवतेय असं समजत होते. मुलांनी माझी धास्तीही उचलली आणि आता ती यंत्रातसुद्धा नीट बसली. नकळत आणखी काय काय शिकवलं असेल मी? दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची शेवटची ओळ मी मुद्दाम संथ वाजवली. मुलं केव्हाच गाऊन मोकळी झाली होती. माझी पेटी एकटीच मागे राहिली.