खडूची केबिन

माझी सून मेघना कुठलीही वस्तू जमिनीवर आखून बघितल्याशिवाय घेत नाही. फ्रिज आणला तेव्हाही आधी लादीवर खडूने काढला होता.

आता मुलांच्या सुट्टीत मोठ्या बोटीने फिरायला जायचं ठरलं. एका केबिनमध्ये चौघंच मावतात, आणि आम्ही पाच. एजंट म्हणाला, आजींना खालच्या मजल्यावर एकटीची केबिन देऊ. जन्मात एकटी झोपलेय कधी मी?

मेघनाने खडू घेतला आणि आमच्या नायगावच्या चाळीत, पॅसेजमध्येच शेजारशेजारच्या दोन केबिन आखल्या, मध्ये ये-जा करायला दार. "झोपून बघा सगळे!" अख्खा मजला बघायला जमला. शेजारचा रघु उगाच मध्ये फतकल मारून बसला.

"भावजी, उठा, तुम्ही संडासात बसलाय!"

हसून हसून माझी कवळी सुटायला आली.

तेवढ्यात माझी नातवंडं, ओवी आणि विहंग, मधल्या दारातून सरपटत आली नि माझ्या दोन्ही कुशीत शिरली. "आम्ही आजीकडेच!"

"अगो, मग पलीकडे कोण?" मी विचारलं.

माझा धनेश बायकोकडे बघतच राहिला. आमची एकच खोली. लग्नानंतर दोघांना स्वतःची अशी कधी मिळालीच नव्हती.

"बुक कर रे लवकर!" रघु ओरडला.

मेघनाने लाजून ओढणीत तोंड लपवलं. मग हळूच वाकून तिने मधल्या दाराला आपल्या बाजूने खडूची कडी काढली.