फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

अण्णांना दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायचं, म्हणून घरची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे होतं. पुढचा सगळा उद्योग तिथूनच सुरू झाला. चौलात आमची सुपारीची वाडी. माल मुंबईला न्यायला रेवदंड्याच्या एका मुसलमान घरचं गलबत यायचं, आणि पोती उचलायला त्या घरचा सतरा वर्षांचा मुलगा. त्यानं पाणी मागितलं की मी त्याच्या ओंजळीत वरून ओतायची, भांडं लागू न देता. "तुमच्या विहिरीचं पानी गोडं हाय. आमचं मचूळ," तो एकदा म्हणाला आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. तहान कसली होती मेल्याला! ते मला कळत होतं, आणि तरी मी ओतत राहिले.

मग त्याला मुंबईला मामाच्या पेढीवर धाडलं. मामाला मराठी वाचता येत नव्हतं, आणि ह्याचं अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे बागायतदारांना कार्डं लिहायचं काम त्याच्याकडे आलं. माल पोचला, भाव अमुक, पुढचा माल कधी. मी ते अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवायची, फक्त शेवटची ओळ सोडून. अण्णा उत्तर सांगायचे, मी लिहायची, आणि खाली माझी एक ओळ घालायची. बापासमोर बसून, दिवसाढवळ्या! असं दीड वर्ष चाललं. मला पंधरावं लागलं होतं, स्थळं येत होती, आणि मी त्या एका ओळीवर जगत होते.

एकदा मी विहिरीवर असताना शेजारचे मास्तर आले आणि कार्ड वाचायला चष्मा शोधू लागले. मी ओल्या हातांनी धावत जाऊन ते हिसकावलंच. त्या दिवशी थोडक्यात बचावले. पण घाबरून मी त्याला लिहिलं, आपली ओळ असेल त्या कार्डाला लांबून दिसेल अशी खूण कर. कसली खूण, ते काही लिहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण!

त्याच सुमारास मुंबईला नोकरीला असलेला माझा दादा विषमज्वरानं पडला. अकरा दिवस पत्र नाही. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वहिनी सोळा वर्षांची, ती देवापुढून उठत नव्हती.

आणि एका दुपारी पोस्टमन फाटकाबाहेरच थांबला. "काकू, बाहेर या," म्हणाला, कार्ड कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं आणि मान खाली घालून गेला. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता.

आमच्यात कुणी गेल्याचं पत्र असलं की कोपरा फाडून धाडतात. ते घरात आणत नाहीत. अंगणात वाचायचं, फाडायचं, आणि सगळ्यांनी नेसत्या कपड्यांनिशी आंघोळ करायची. त्या मुसलमानाच्या पोराला हे कुठून ठाऊक असणार? त्याला खूण हवी होती, त्यानं कोपरा फाडला.

आईनं हंबरडा फोडला. मी धावले, अक्षर ओळखलं, जिवात जीव आला. "अगं, सुपारीचं कार्ड आहे! माल पोचला म्हणून लिहिलंय!"

"लपवू नकोस, कार्टे! सुपारीच्या कार्डाचा कोपरा कशाला फाडतील?"

"मास्तरांना बोलवा," अण्णा ओटीवरून म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

मास्तर आले असते तर त्यांनी शेवटची ओळही वाचली असती: 'इथलं पाणी कितीही प्यालो तरी तहान जात नाही.' एवढंच होतं. पण एवढ्यानं त्याच्या घरावर काठ्या गेल्या असत्या आणि मी संपले असते. मी कार्ड पोटाशी धरलं. तेवढ्यात आत्यानं, जी स्वतः बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती, वहिनीला धरून खाली बसवलं आणि अंगठा तिच्या कपाळावर टेकवला. वहिनी ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. अर्धं कुंकू पुसलं गेलं तरी मी गप्पच होते. त्याची लाज मला आजही वाटते.

मग मी ओरडले. "पुसू नका! दादा जिवंत आहे. तो कोपरा माझ्यासाठी फाडलाय!"

आणि ती ओळ मी मोठ्यानं वाचली, अण्णांना, पहिल्यांदाच.

कुणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. अण्णा चाचपडत पायऱ्या उतरले, माझ्या हातातून कार्ड घेतलं, बोटानं फाटलेली कड तपासली आणि कार्डाचे चार तुकडे केले.

"कोपरा फाटलाय ना?" ते आईला म्हणाले. "मग आंघोळी करा सगळ्यांनी."

आई रडत विहिरीकडे गेली. आत्या गेली. अण्णांनी स्वतःच्या डोक्यावर घागर ओतून घेतली. मी अंगणात उभी राहून माझ्या नावाची आंघोळ पाहत होते. दादा बरा होऊन परत आला तोवर मला माणगावकडच्या एका बिजवराच्या घरी पोचवलं होतं, आणि आमची सुपारी दुसऱ्या गलबतावर चढत होती. त्या मुलाला काय सांगितलं, कुणी सांगितलं, मला कधीच कळलं नाही.

पण त्या दुपारी अण्णांनी विचारलं, "सूनबाई कुठे आहे?"

वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कुंकू तसंच अर्धं पुसलेलं, पदर कोरडा. सासऱ्यांपुढे तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"मला पडसं झालंय," ती म्हणाली. "मी नाही न्हाणार."

पडसंबिडसं काही झालं नव्हतं तिला.