कुंकू न लागलेला प्रिंटर

बार्शीटाकळीच्या ज्या मुलींच्या कॉलेजात मी कम्प्युटर शिकवते, तिथल्या माझ्या लॅबमध्ये नवीन असं एकही मशीन नाही. नांदगाव पेठच्या एका कापडाच्या युनिटनं आपल्या ऑफिसातून काढून टाकलेली ही मशीनं. माझा भाऊ त्या युनिटात कामाला. भंगारवाल्याची गाडी दारात यायच्या आधी त्यानं मला फोन केला आणि मी तिथल्या साहेबांसमोर जाऊन बसले, हो म्हणेपर्यंत उठले नाही. नवं विंडोज त्या मशीनांना झेपेना. सुरू होता होताच मुलींचा तास संपायचा. मग मी सगळ्यांवर लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं, जुन्या मशीनवर नीट चालतं आणि मला येतं.

हे कॉलेजात कुणालाच फारसं आवडलं नाही. लिनक्स म्हटलं की लोक असं बघायचे, जणू मी मुलींना शिळं वाढतेय.

खरी अडचण प्रिंटरची होती. कॉलेजात प्रिंटर एकच आणि तो ऑफिसात, मोठ्या बाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या टेबलावर, त्यांच्या विंडोजच्या मशीनला जोडलेला. मुलींना जर्नलसाठी कागद काढायचा तर पेन ड्राइव्ह घेऊन बाबूंपुढे उभं राहावं लागे. बाबू पेन ड्राइव्ह लावत आणि त्यातली दिसेल ती फाइल उघडत. शांतपणे, चहा पीत. कागद बाहेर आला की तो देण्याआधी वाचत आणि मनात वाचायची त्यांना सवय नव्हती. ‘कोनाची पोरगी व तू?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. गावात सगळ्यांना सगळे ओळखतात, त्यामुळे उत्तर दिलं की मुलीचा बाप, काका, मामा सगळे ऑफिसात येऊन उभे राहिल्यासारखं व्हायचं.

एकदा मी सरावाला नोकरीचा अर्ज लिहायला दिला. एका मुलीनं पुण्यातल्या कंपनीसाठी लिहिला. चांगला लिहिला होता, मी वर्गात तसं म्हटलंही होतं. बाबूंनी तो सगळ्या ऑफिससमोर मोठ्यानं वाचला आणि विचारलं, पुण्याले चालली का, बापाले ईचारलं का? ऑफिस हसलं. मुलगी कागद न घेताच परत आली. त्यानंतर तिनं प्रिंट काढणंच सोडलं. तिच्या जर्नलमध्ये पुढची पानं कोरी राहू लागली, आणि तिचं बघून आणखी काहीजणींची.

मी भांडायला गेले. मी भांडायला जाते हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, प्रिंटर लॅबला जोडून द्या, मुली आपापल्या जागेवरून प्रिंट काढतील. बाबू अजिबात चिडले नाहीत. त्यांचं म्हणणं, तुमचं ते लिनक्स आमच्या विंडोजशी बोलत नाही, मी काय करू? मशीन दुरुस्तीला अकोल्याहून येणाऱ्या माणसानं त्यांना तसं सांगितलं होतं म्हणे.

हे साफ खोटं होतं. वेगवेगळ्या सिस्टिमची मशीनं एकमेकांचे प्रिंटर आणि फायली कितीतरी वर्षांपासून वापरतात. त्यासाठी दोन्हीकडे थोडी तयारी करावी लागते, एवढंच. ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्यानं तो इतरांसाठी मोकळा करायचा, नाव आणि पासवर्ड ठरवायचा. दुसऱ्यानं ते नाव सांगून मागायचं. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला तिची आणि आपली भाषा एकच असावी लागते का? अडचण मशीनांची नव्हती. अडचण होती ती बाबूंच्या टेबलाची, कारण त्या टेबलासमोर रोज कुणीतरी उभं राहावं ही त्यांची गरज होती. मला ते दिसत होतं आणि माझं डोकं फिरत होतं.

तेवढ्यात कोऱ्या जर्नलांची गोष्ट संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे शेतकरी, बोलायला सरळसोट. त्यांनी मला बोलावलं. लॅबमधून एक कागद निघत नसेल तर ती लॅब काय कामाची, असं त्यांचं म्हणणं. संस्थेचं दुसरं कॉलेज अकोल्यात आहे, तिथे सगळं नवं आहे. कम्प्युटरचा विषय तिकडे हलवू, मुली बसनं जातील.

मुली जाणार नव्हत्या. मी अकोल्यात राहते, त्याच बसनं रोज येते-जाते, रस्ता काही फार नाही. पण आमच्या बहुतेक मुलींच्या घरी बार्शीटाकळीपर्यंतची परवानगी होती, त्यापुढची नव्हती. पुण्याचा अर्ज लिहिणाऱ्या मुलीच्या वडिलांनी तर प्रवेशाच्या दिवशीच मला सांगितलं होतं, गावात हाये म्हणून शिकवतो. विषय अकोल्याला गेला असता तर तो त्यांच्यासाठी संपलाच असता. म्हणून मी अध्यक्षांना म्हटलं, माझ्या मशीनांवरून कागद निघेल, तुमच्या डोळ्यांसमोर निघेल.

“नवमीले मी पूजेले येतोच,” अध्यक्ष म्हणाले. “ऑफिसात प्रिंटरपाशी बसतो. पोरीनं तिकून बटन दाबलं अन् इकून कागद निघाला, तं लॅब राहीन. नाही तं नाही.”

मी लगेच हो म्हटलं. खंडेनवमीला काय काय होतं याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

शब्द दिला तशी मी कामाला लागले. लॅबमधून व्हरांड्याच्या झरोक्यातून ऑफिसपर्यंत वायर ओढली. बाबूंच्या मशीनवर प्रिंटर सगळ्यांसाठी मोकळा केला. ते माझ्या खांद्यावरून बघत होते, मी त्यांच्या देव्हाऱ्यातले देव हलवत असल्यासारखे. मग लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर चढवला. पहिल्यांदा नाव चुकलं, मग पासवर्ड नाकारला, मग विंडोजच्या फायरवॉलनं दार लावून घेतलं. शेवटी लॅबमधून दाबलं आणि ऑफिसातून कागद निघाला. मी तो आणायला धावत गेले. बाबू तो हातात घेऊन वाचत होते.

म्हणजे अर्धंच काम झालं होतं. बटण मुलीच्या हातात आलं, पण कागद अजून त्यांच्याच टेबलावर पडत होता. मनात म्हटलं, आधी लॅब तर वाचू दे.

नवमीला सकाळी मुलींनी लॅबमधली मशीनं पुसली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि मग मी त्यांना मशीनं सुरू करायला लावली. राजापेठेत आमच्या जुन्या घरी हीच रीत. माझी आई ब्लाउज शिवायची. खंडेनवमीला शिलाई मशीनची पूजा झाली की लगेच बसून एक शिवण मारायची. पूजा केली आणि झाकून ठेवलं तर त्याला वाटेल आपल्याला रिटायर केलं, असं म्हणायची. मी त्याच समजुतीत वाढले. त्यामुळे ऑफिसात गेले तेव्हा समोरचं दृश्य कळायला मला थोडा वेळ लागला.

बाबूंचं मशीन बंद होतं. मॉनिटरला हार, सीपीयूच्या डब्याला कुंकवाचं बोट, कीबोर्डवर हळद, समोर उदबत्ती. अध्यक्ष बाजूच्या खुर्चीत चहा पीत होते. मी म्हटलं, बाबूजी, हे सुरू करावं लागेल, याच्यातूनच प्रिंटरला वाट आहे.

“आज ते झोपलं हाये म्याडम,” बाबू म्हणाले. “आता दसरा झाल्यावरच उठवू.”

मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्याही घरी वखर, तिफण, डवरा सगळं धुऊन पुजून ठेवलेलं. पुजलेलं औत नवमीला कुणी उचलत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान हलवली. बाबूचं बरोबर हाये, म्हणाले, मग आज काही होत नाही, दिवाळीच्या आधी मला पुन्हा वेळ नाही, अकोल्याचं पक्कं करून टाकू.

बाबूंनी हे मुद्दाम केलं का? मी यावर खूप विचार केला आहे. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. दर वर्षी ते असंच करत असणार. पण आज काय आहे हे त्यांना माहीत होतं, आणि आदल्या दिवशी त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. मला त्यांच्या पूजेचा राग नव्हता. राग याचा होता की लॅबभर मुली आपापल्या जागी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांचं शिक्षण बाबूंच्या मशीनच्या झोपेवर टांगलेलं होतं. वायर मीच तशी जोडली होती. सगळे रस्ते मीच त्यांच्या टेबलावर नेऊन सोडले होते.

मी टेबलाकडे बघत उभी राहिले. रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. आणि तेव्हा मला प्रिंटर दिसला. बाबूंनी त्याच्यावर पूजेचं ताट ठेवलं होतं. नारळ, पानं, कुंकवाचा करंडा, सगळं त्याच्या डोक्यावर. त्याला स्वतःला मात्र काहीच नव्हतं. हार नाही, फूल नाही, हळदीचा ठिपका नाही. बाबूंनी मशीनची पूजा केली होती आणि प्रिंटरचा पाट केला होता.

“बाबूजी,” मी म्हटलं, “प्रिंटरले कुंकू लावलं का?”

बाबूंनी पाहिलं. ते म्हणाले, कम्प्युटरची पूजा झाली, त्यातच तो आला. आणि बोलता बोलता त्यांचा हात करंड्याकडे गेला.

“आता नको लावू,” अध्यक्ष म्हणाले. “लावलं होतं का नाही, ते सांग.”

बाबूंनी हात मागे घेतला आणि नाही म्हणाले.

“मंग तो जागा हाये,” मी म्हटलं.

ताट उचलून मी स्टुलावर ठेवलं, अगदी जपून, नारळ हलू दिला नाही. झोपलेल्या मशीनला हात लावला नाही. प्रिंटरच्या मागची वायर काढली आणि तो छातीशी धरून व्हरांड्यात आले. जड होता. पुण्याचा अर्ज लिहिणारी मुलगी लॅबच्या दारात उभी होती, तिनं दुसरी बाजू धरली. आम्ही तो माझ्या टेबलावर ठेवला आणि माझ्या मशीनला जोडला, ज्याच्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. ड्रायव्हर त्याच्यावर आधीच होता. प्रिंटर सगळ्यांसाठी मोकळा केला. लॅबमधली बाकीची मशीनं सगळी एकाच घरची, त्यांना नाव सांगावं लागलं नाही, पासवर्ड नाही. थोड्याच वेळात एकेका पडद्यावर तो आपणहून दिसायला लागला.

अध्यक्ष चपला काढून दारात आले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या मशीनांची पूजा नाही केली का? मी म्हटलं, सकाळीच केली, आमच्या घरी पूजा झाली की चालवायची रीत आहे. त्यांनी झेंडूची फुलं पाहिली. मग त्या मुलीकडे बोट करून म्हणाले, तू काढ.

ती जागेवर जाऊन बसली. तिनं जुनी फाइल शोधली आणि दाबलं. पुण्याचा अर्ज बाहेर आला. अध्यक्षांनी हात पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कागद दिला. त्यांनी तो वाचला, मनात, शेवटपर्यंत, आणि तिला परत दिला. पोर हुशार हाये, लॅब राहू द्या, एवढं बोलून ते चपला घालून गेले.

सुट्टीनंतर बाबू लॅबच्या दारात आले आणि प्रिंटर परत मागितला. मी नाही म्हटलं. वायर दोन्हीकडून चालते, तुमचं मशीन आमच्याकडून मागेल, मी जोडून देते, असं सांगितलं. त्यांनी अकोल्याच्या माणसाचं वाक्य आठवून विचारलं, विंडोज लिनक्सशी बोलेल का? मी म्हटलं, बोलेल, त्याला गरज पडली की बोलेल. त्यांच्या मशीनवर मी स्वतः आमच्या प्रिंटरचा पत्ता घालून दिला. मला फार बरं वाटलं आणि ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही. बाबूंनी अध्यक्षांकडे तक्रारही करून पाहिली, पण त्यांनी लक्ष दिलं नाही.

लॅबमध्ये मी एकच नियम केला. निघालेला कागद कुणाचाही असो, जी जवळ असेल तिनं उचलायचा आणि पालथा द्यायचा.

पहिल्याच दिवशी बाबूंचा कागद निघाला आणि ते घ्यायला आले. दारातच थांबले. आत मुली काम करत होत्या, कुणी उठलं नाही. त्यांना काही वेळ तिथे उभं राहावं लागलं. मग पुण्याचा अर्ज लिहिणारी तीच मुलगी प्रिंटरजवळच्या जागेवरून उठली. तिनं कागद न बघता उचलला, पालथा केला आणि त्यांच्यापुढे धरला.

बाबू म्हणाले, सरळ दिला तरी चालते व.

“आमी वाचत नाही बाबूजी,” ती म्हणाली. “कोनाचाच.”

बाबू कागद तसाच पालथा धरून ऑफिसात गेले.