पंखा चालू शे

धुळ्याहून नानांचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका मोटरीच्या खाचांत तार भरत होते.

"ते डबडं बंद पडनं," वडील म्हणाले. आवाजात समाधान होतं.

"कोणतं डबडं?"

"तुन्हा भाऊनं. गेमनं. सुटनूत."

मी बरं म्हणाले आणि पुन्हा तार हातात घेतली. जळगावला आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. रावेरकडच्या केळीच्या बागांमधल्या, धरणगावकडच्या कपाशीच्या विहिरींवरच्या मोटरी जळल्या की आमच्याकडे यायच्या. नवरा मोटर उघडायचा, मी भरायचे. एका वीतभर गेमच्या डब्यासाठी धुळ्याला जायला मला सवड नव्हती.

काही दिवसांनी मायचा फोन आला. "तो जेवाले उठत नई. तू ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. माझा धाकटा भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता. तिसऱ्या वर्षी परीक्षेला बसलाच नाही, ट्रंक घेऊन घरी आला आणि मागच्या खोलीत गेला. तो गेम आमच्या मामेभावाचा. तो बोटीवर नोकरीला होता, दर खेपेला काहीतरी आणायचा आणि नवं आणलं की जुनं वाटून टाकायचा. सीडीवर चालणारा, काळा, जाडजूड डबा. टीव्हीला जोडायचा आणि मोटारींची शर्यत खेळायची. भाऊ दिवसभर तीच शर्यत खेळायचा. आवाजावरून नाना कुरकुरले तेव्हापासून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवून खेळायचा.

त्या दिवाळीत मायला त्याच्या गादीखाली कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली सापडली. शिरपूरकडच्या आमच्या शेतावरून आणलेली. बाटलीचं सील फोडलेलं नव्हतं. नानांनी ती नेऊन कुठं टाकली ते कधीच सांगितलं नाही. त्याच दिवशी त्यांनी त्याच्या खोलीची आतली कडी स्क्रू काढून उतरवली. यावर घरात कुणी काही बोललं नाही. त्यालाही विचारलं नाही. मला कळलं ते मायकडून, तेही पुढच्या खेपेला, भांडी घासताना. डॉक्टरला दाखवू या, असं मी म्हणाले. नाना म्हणाले, "लोकेसले काय सांगानं?" विषय तिथंच संपला.

म्हणून पुढे डबडं बंद पडलं तेव्हा नानांना बरं वाटलं होतं. गेम गेला की पोरगा बाहेर येईल, असा त्यांचा हिशेब. पोरगा बाहेर आला नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिला.

मी खोलीत गेले, पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच्या पलंगावरच डबा उघडला. न विचारता. विचारलं असतं तर नको म्हणाला असता.

आत एका कोपऱ्यात काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पंखा होता. पात्यांवर धूळ आणि कापसाची लव यांचा थर बसलेला. धुळ्यात जिनिंगच्या हंगामात ही लव कुठंही जाऊन बसते, शिवणयंत्रात, रेडिओत, कानातसुद्धा. बोटानं फिरवला तर जागचा हलेना. दांडा ज्यात फिरतो तो बुश तेल सुकून धरला होता. वारा नाही म्हणून आतलं सगळं तापायचं, आणि तापलं की चित्र फाटून थिजायचं.

"मेला का?" भाऊ भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"पंखा मेलाय. बाकीचा जिवंत आहे."

तो वळला. "तसला पंखा इथं मिळत नाही, अक्का. मी मामेभावाला विचारलंय."

"तसला कशाला पाहिजे? तसला होता म्हणून तर बंद पडला. थंड देशातल्या लोकांनी बसवलेला पंखा तो. त्यांना धुळ्याचा उन्हाळा कुठं माहीत."

पुढच्या खेपेला मी एका मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरच्या वीजपेटीतला पंखा घेऊन गेले. चार बोटं रुंद, बारा व्होल्टचा. डब्यात मावणार नव्हताच, म्हणून झाकणाला वरून भोक पाडून तो बाहेरच्या बाजूला बसवायचा ठरवला. करवतीच्या पात्यानं झाकण कापलं, कडा कानशीनं घासल्या. भाऊ झाकण दोन्ही हातांनी धरून बसला होता. प्लास्टिकचा भुगा त्याच्या मांडीवर पडत होता. कितीतरी दिवसांनी तो इतका वेळ कुणाजवळ बसला असेल.

जुन्या पंख्याच्या तारा नव्याला जोडून पाहिल्या. आतून मिळणारी वीज त्याला पुरेना. पोटभर जेवून उठल्यासारखा तो सावकाश दोनचार गिरक्या घ्यायचा. म्हणून मी त्याला घरच्या विजेची बारा व्होल्ट करून देणारा वेगळा बॅटरी एलिमिनेटर लावला. म्हणजे गेमचं बटण वेगळं आणि पंख्याचं वेगळं. पंख्याचा प्लग पलंगाशेजारच्या बोर्डात. खेळायचं तर आधी पंखा लावायचा, मग गेम, असं मी त्याला सांगितलं.

वारा बाहेर फेकतोय की आत ओढतोय हे बघायला देवघरातून उदबत्ती आणली. भावानं ती डब्याच्या फटीजवळ धरली.

"दुरुस्ती करतेस की पूजा?"

"आधी दुरुस्ती. नाही झाली तर पूजा."

धूर फटीतून आत शिरला आणि वरच्या भोकातून सरळ छताकडे गेला. भाऊ थोडं हसला. गेम लावला, मोटारी पळायला लागल्या. तासभर खेळला तरी डबा हाताला नुसता कोमट लागत होता. काम चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

फक्त आवाज फार होता. पंखा थेट प्लास्टिकवर कसलेला, डबा लोखंडी ट्रॉलीवर, त्यामुळे सगळं मिळून भुंग्यासारखं घुमायचं. त्यावर उपाय सोपा होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून स्क्रूंखाली घातले की आवाज निम्मा. मी ट्यूब शोधायला मागच्या अंगणात निघाले तर माय स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"ऱ्हाऊ दे तो आवाज," ती हळू म्हणाली. "आठेलोंग ऐकू येस."

चुलीपर्यंत ऐकू येतो. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी ट्यूब शोधली नाही.

त्यानंतर ते घर त्या पंख्यावर चालू लागलं. तो आवाज असला की माय भाकऱ्या थापायची, शेजारी जाऊन बसायची, नाना ओट्यावर पेपर वाचायचे. थांबला की मायचा हात थांबायचा. ती आधी स्वयंपाकघरातला दिवा लावून बघायची. दिवा लागला नाही तर लाईट गेली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायची. लागला तर पदर सावरत मागच्या खोलीच्या दारात जायची आणि काहीतरी निमित्त काढायची. कपडे धुवायचे आहेत का, चहा टाकू का. मी जळगावहून फोन केला आणि तो कसा आहे विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "पंखा चालू शे." मीही पुढे काही विचारायची नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. आमच्याकडे या सणाला लेकी येतातच, न येऊन चालत नाही. धुळ्याचं ऊन तेव्हा असं असतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरात पुरणाचे मांडे आणि आमरस झाला होता. नाना ओट्यावर सावलीला शेजाऱ्यांबरोबर पत्ते कुटत बसले होते, तो एक दिवस त्यांना सगळं माफ असतं. मागच्या खोलीतून पंख्याची घुमघूम येत होती. माय खुशीत होती. "बठ्ठा दिवस खेळस," ती म्हणाली. एरवी दिवसभर खेळतो ही तक्रार असायची. त्या दिवशी तिनं ती कौतुकासारखी सांगितली.

मी ताटात मांडा आणि वाटीत रस घेऊन भावाच्या खोलीत गेले.

तो पाठीवर पडला होता. डोळे उघडे, छताकडे. टीव्ही काळा. मला वाटलं आत्ताच बंद केला असेल. ताट ठेवायला ट्रॉलीवर जागा नव्हती, म्हणून डबा थोडा सरकवला आणि सवयीनं पंख्यावर हात धरला. आमच्या धंद्यात हे आपोआप होतं, फिरणारी वस्तू दिसली की हात जातो, किती तापलीय ते बघायला. वारा जोरात येत होता, पण खोलीतल्या हवेपेक्षा जराही गरम नव्हता. डब्याच्या बाजूला हात लावला. थंड. त्याच्या लाल दिव्याकडे पाहिलं. बंद. टीव्हीच्या बटणावरून बोट फिरवलं तर धुळीचा जाड थर लागला, कुणी हातच लावला नव्हता.

"कधीपासून खेळत नाहीस?"

मी ताट जमिनीवर ठेवलं आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"भाऊ, मी विचारतेय."

"होळीच्या आधीपासून."

"मग पंखा?"

"सकाळी उठलो की लावतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "बंद असला की माय दारात येऊन उभी राहते. तिचं तोंड बघवत नाही. चालू असला की तुम्ही सगळे बरे असता."

"आणि तू?"

"मी इथं असतो."

होळी ते आखाजी. एवढे दिवस पंखा फिरत होता, वारा थंड डब्यातून छताकडे जात होता आणि फोनवर मला सांगितलं जात होतं की चालू शे. प्लग मी वेगळा काढला होता आणि वेगळ्या प्लगचा पंखा गेमशिवायही फिरतो, हे घरात मला आणि त्यालाच माहीत होतं.

मला रडू आलं नाही. राग आला, कुणाचा ते कळेना. मी हात लांब करून बोर्डातला प्लग उपटला.

पाती फिरत फिरत मंद झाली आणि थांबली. घरात इतकी शांतता झाली की ओट्यावरचे पत्ते टाकल्याचे आवाज ऐकू आले. मग स्वयंपाकघरात दिव्याचं बटण खटकलं. लाईट होती. झारा कुठंतरी पडला आणि पावलं आली. भाऊ उठून बसला.

"अक्का, लाव तो. लाव आधी."

"नाही."

माय दारात आली. हात पुरणाचे. आधी तिनं त्याला पाहिलं, मग मला. "काय व्हयनं?"

"मला नको विचारू," मी म्हणाले. "त्याला विचार. पंख्याला पुष्कळ विचारून झालं."

तिनं विचारलं नाही. तिला जमलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि ओट्यावरचे पत्तेही थांबले होते. नाना तिच्या मागे येऊन उभे राहिले. दिवाळीपासून जे कुणी बोललं नव्हतं ते त्या दारात अडकलं होतं आणि मी ठरवलं होतं की आपण तोंड उघडायचं नाही.

भावानं गुडघे जवळ घेतले. "माले बरं नई वाटस, माय," तो म्हणाला. लहानपणी ताप आला की म्हणायचा तसंच.

माय त्याच्याजवळ बसली. पुरणाचा हात त्याला लागू नये म्हणून तिनं तो हवेत धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्याचा पाय चेपायला लागली.

नाना दारातच होते. मी त्यांना सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीनं मी याला जळगावला नेतेय, तिथं डॉक्टर आहेत, ओळखीचं कुणी भेटणार नाही.

"लोकेसले सांगसू, बहीणना दुकानमा कामले गया," नाना म्हणाले.

"सांगा. काम आहेच."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर नाना सोडायला आले. एसटीत चढताना त्यांनी भावाच्या खिशात खारे शेंगदाणे कोंबले. माय आलीच नाही. गेमचा डबा खोलीतच राहिला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा बोलावलं. हे लवकर संपणारं नाही असंही सांगितलं, आणि ते खरं निघालं. चांगले महिने आले, वाईट आले. वाईट महिन्यांत तो आमच्या मधल्या खोलीत पडून राहायचा आणि मी दुकानामागच्या स्वयंपाकघरात असायचे. तिथून त्याची चाहूल लागत नव्हती. पहिल्या आठवड्यात नवरा म्हणाला, एक पंखा बसवून देऊ का त्याला, उकडत असेल. मी नको म्हणाले. छताचा आहे तेवढा पुरे.

मी आतून हाक मारायचे, "भाऊ."

"हं," तो म्हणायचा. कधी वैतागून म्हणायचा, "किती वेळा विचारशील?" तरी मी विचारायचे. आणि उत्तर आलं नाही तर गॅस बंद करायचा, हात पुसायचे आणि उठून त्याच्या खोलीत जायचं.